उचलून घेऊ न देणाऱ्या सशासाठी काय घ्यावं? पुण्याच्या बाजारातल्या सामानाची पारख

निकाल आधी सांगतो. उचलायला गेलं की झटापट करणाऱ्या सशासाठी एकाच वस्तूवर पैसे घालायचे असतील, तर ते टणक प्लास्टिकच्या कॅरिअरवर, म्हणजे प्राणी न्यायच्या पेटीवर घालावेत. मात्र तो समोरून आणि वरून असा दोन्हीकडून उघडणारा आणि टोपण पूर्ण सुटं होणारा हवा. दुकानात तो मांजरासाठी म्हणून मांडलेला असतो. त्याच्या खालोखाल घडीचं लोखंडी कुंपण, ज्याला सगळे प्लेपेन म्हणतात. तिसरा नंबर स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्याचा. पारदर्शक घुमटाची पाठीवरची बॅग, पट्टा-हार्नेस आणि जाळीच्या तळाचा छोटा पिंजरा या तिन्हींवर एक रुपयाही घालू नये.

सगळ्या वस्तूंना कसोटी एकच लावली आहे: ही वस्तू घरात आल्यावर सशाला उचलायची वेळ कमी येते की वाढते? सशासाठी म्हणून वेगळं सामान फारसं मिळत नाही. कॅम्पात जा, कर्वे रस्त्यावर जा नाहीतर ऑनलाइन मागवा, कुत्र्या-मांजरांच्या सामानातूनच निवडावं लागतं. त्यामुळे ही कसोटी डोक्यात ठेवूनच दुकानाची पायरी चढावी.

सशाची बाजू

ससा हट्टी म्हणून लाथा झाडत नाही. तो इतरांचं भक्ष्य होणारा प्राणी आहे. चारही पाय जमिनीवरून सुटले याचा त्याच्या लेखी अर्थ एकच, घारीनं नाहीतर कोल्ह्यानं धरलं. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण नाकासमोरचा आणि हनुवटीखालचा थोडा भाग दिसत नाही. म्हणून आपण प्रेमानं नाकापुढे नेलेला हात त्याच्यासाठी अचानक उगवतो, आणि वरून आलेला हात तर शिकारी पक्ष्याचा पंजाच. हात नेहमी बाजूनं, खालच्या पातळीवर न्यावा आणि आधी कपाळावरून फिरवावा.

दुसरी गोष्ट हाडांची. सशाचा सांगाडा शरीराच्या वजनाच्या जेमतेम ७ ते ८ टक्के भरतो, मांजराचा १२ ते १३ टक्के. मागच्या पायांचे स्नायू मात्र दांडगे. हवेत असताना मागचा भाग मोकळा लोंबकळत असेल आणि सशानं जोरात लाथ मारली, तर स्वतःच्याच ताकदीनं त्याचा कंबरेचा मणका मोडू शकतो. मग मागचे पाय लुळे पडतात, शी-शूवरचा ताबा जातो. कान धरून उचलणं तर क्रूरपणाच आहे. उताणा केल्यावर ससा ‘शांत झोपतो’ असे व्हिडिओ पाहून कुणी ते करायला जातं, तेही थांबवायला हवं. ती झोप नसते. पकडला गेलेला प्राणी भीतीनं गोठतो ते हे.

एक इशारा इथेच देऊन ठेवतो. इतके दिवस निमूट उचलू देणारा ससा एकाएकी अंग चोरायला लागला, तर सामान बदलू नका, डॉक्टरकडे जा. सांधेदुखी, टाचांना पडलेल्या जखमा, मूत्राशयात साठलेला खर म्हणजे लघवीतला गाळ, दाताचं दुखणं यातलं काहीही असू शकतं.

कॅरिअर

टणक प्लास्टिकचा, दोन दारांचा कॅरिअर पहिल्या नंबरवर आहे तो त्याच्या टोपणामुळे. दवाखान्यात टोपण काढून बाजूला ठेवलं की ससा तळाच्या अर्ध्या भागात, आपल्या टॉवेलवर, आपल्या वासात बसलेला राहतो. डॉक्टर तिथेच पोट चाचपतात, स्टेथोस्कोप लावतात, कान बघतात. एकाच दाराच्या कॅरिअरमधून त्याला ओढून काढावं लागतं, आणि अशा ओढाओढीतच नखं उपटतात, हात ओरबाडले जातात.

२ किलोच्या आसपासच्या सशाला साधारण १९ इंच लांब आणि १२-१३ इंच रुंद व उंच कॅरिअर पुरतो. आत त्याला पाय पसरून पडता यायला हवं आणि स्वतःभोवती फिरता यायला हवं. याहून फार मोठा घेऊ नये, रिक्षाचा ब्रेक लागला की ससा या भिंतीवरून त्या भिंतीवर आदळतो.

दुकानात तीन गोष्टी हातानं तपासाव्यात. पहिली, वरची खिडकी. तिच्यातून दोन्ही हात कोपराच्या जवळपर्यंत एकत्र आत जायला हवेत. काही मॉडेलमध्ये ती इतकी अरुंद असते की एक हात जेमतेम जातो, मग ती असून नसल्यासारखी. दुसरी, टोपण आणि तळ कशानं जोडलेत. पेचाचे असतील तर दवाखान्याच्या टेबलावर एकेक पेच फिरवत बसावं लागतं आणि तेवढ्या वेळात ससा धास्तावून कोपऱ्यात चिकटतो. खटक्याचे घ्यावेत. पण खटके हलके असतील तर वजनानं निसटतात, म्हणून घरी आणल्यावर ससा घालायच्या आधी आत तांदळाची ३ किलोची पिशवी ठेवून कॅरिअर हँडलनं उचलून हलवून बघावा. काही कॅरिअरना हँडल नेमकं वरच्या खिडकीच्या झाकणावर असतं, म्हणजे सगळा भार त्या झाकणाच्या कडीवर. असा कॅरिअर हँडलनं न उचलता दोन्ही हात खालून घालून छातीशी धरावा. तिसरी, समोरचं दार. लोखंडी गजांचं हवं, प्लास्टिकचं नको. सशाचे पुढचे दात आठवड्याला साधारण २ मिलिमीटर वाढतच राहतात. प्लास्टिकचे गज तो कुरतडतो, आणि पोटात गेलेला तुकडा आतडं अडवू शकतो.

एक खोट मात्र बहुतेक सगळ्या कॅरिअरमध्ये असते: तळ गुळगुळीत. पाय घसरला की ससा घाबरतो, आणि घाबरलेला ससा कॅरिअरला वैरी समजतो. रबरी जाळीचं मॅट तळाच्या मापानं कापून घालावं आणि त्यावर जाड सोलापुरी टॉवेल घडी करून अंथरावा. टॉवेलच्या कडा मॅटखाली दुमडल्या की तो सरकत नाही आणि रबराची कडही सशाच्या दाताला लागत नाही. वर मूठभर सुकं गवत.

कॅरिअर माळ्यावर ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक. दवाखान्याच्या दिवशीच खाली येणारी वस्तू ससा दोन फेऱ्यांत ओळखतो आणि ती दिसताक्षणी पलंगाखाली शिरतो. कॅरिअर हे त्याचं रोजचं बसायचं ठिकाण व्हायला हवं. त्यासाठी तीन ते चार आठवडे द्यावे लागतात, घाई केली तर पुन्हा पहिल्यापासून.

पहिला आठवडा टोपण लावूच नका. नुसता तळ त्याच्या आवडत्या कोपऱ्यात, दोन्ही बाजूंनी भिंत येईल असा ठेवा. दिवसाचं निम्मं गवत त्यातच घाला. ससा आपणहून चढला तर कोथिंबिरीचं एक पान द्या, नाही चढला तर काहीच करू नका. हातानं ढकलून आत बसवलेला ससा सगळी मेहनत वाया घालवतो. दुसऱ्या आठवड्यात टोपण बसवा, दार मात्र काढून ठेवा. बिजागरीच्या खिळ्यावरून ते सहज उतरतं. आता रोज त्याच वेळी पेलेटचा (सशाच्या तयार खाद्याच्या गोळ्यांचा) डबा वाजवा आणि रोजचे पेलेट कॅरिअरच्या आत, मागच्या भिंतीपाशी टाका. डब्याचा आवाज आला की ससा धावत आत शिरतो इथपर्यंत मजल गेली की अर्धी लढाई जिंकली. पेलेट मात्र वाढवायचे नाहीत. ठरलेल्या खाण्यातलेच तिथे द्यायचे.

तिसऱ्या आठवड्यात दार लावा. तो आत खात असताना ५ सेकंद बंद करा आणि तो खायचा थांबण्याआधीच उघडा. मग १० सेकंद, अर्धा मिनिट, २ मिनिटं. त्यानंतर बंद कॅरिअर २ इंच वर घ्या आणि तिथल्या तिथे खाली ठेवा. दुसऱ्या दिवशी गुडघ्याइतका, मग खोलीभर एक फेरी, मग जिन्यावरून खाली आणि परत. दर टप्प्याला आत पुदिन्याचं एक पान. ससा मागचा पाय आपटतोय, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, कान पाठीला चिकटलेत किंवा तो दगडासारखा थिजलाय, यातलं काही दिसलं तर त्या दिवशी तिथेच थांबा आणि दुसऱ्या दिवशी आधीच्या पायरीपासून सुरुवात करा.

बक्षिसाबद्दल एक गोष्ट पक्की ठेवा. गाजर आणि सफरचंद साखरेचे. गाजराचा तुकडा नखाएवढा, सफरचंद बिया काढून तेवढंच, आणि तेही रोज नाही. कोथिंबीर आणि पुदिना त्यापेक्षा बरे. मंडईत दुर्वांच्या जुड्या मिळतात, तीच आपली हरळी. स्वच्छ धुऊन, निथळून दोन-चार काड्या दिल्या की बहुतेक ससे त्यासाठी काहीही करायला तयार होतात, आणि हे गवतच असल्यामुळे पोटालाही बाधत नाही.

बाकीच्या पिशव्यांचं थोडक्यात. कापडी चेनवाला झोळा वजनाला हलका आणि रिक्षात मांडीवर मावतो, पण त्याचा तळ झोळ खातो. सशाच्या पायाखाली सपाट आणि टणक काहीच राहत नाही, त्यामुळे उचलल्यासारखीच भीती वाटते. आत प्लायची फळी मापानं कापून घातली तर पंधरा-वीस मिनिटांच्या प्रवासापुरतं चालेल. चेन मात्र तो चावतो. घुमटाची पाठीवरची बॅग पूर्णपणे बाद. ती उभी असते, सशाला आडवं पडता येत नाही, पाठीवर ती प्रत्येक पावलाला हेलकावते, आणि पारदर्शक घुमटातून ऊन आत कोंडतं. सशाला घाम येत नाही, उष्णता बाहेर टाकायला त्याचे कानच मुख्य. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांपर्यंत जातो आणि सशाला ३० अंशांच्या वरच त्रास सुरू होतो. अशी बॅग त्या दिवसांत जिवावर बेतू शकते.

पिंजरा आणि कुंपण

सशाबरोबर बऱ्याचदा जो छोटा, वरून उघडणारा, जाळीच्या तळाचा पिंजरा विकत घेतला जातो, त्यातच उचलण्याच्या भीतीचं मूळ असतं. दार वर असल्यामुळे दिवसातून दोनदा तरी हात वरून येतो आणि ससा हवेत जातो. वर्षाचे सातशेहून जास्त वेळा त्याला घारीची आठवण करून दिली जाते. शिवाय सशाच्या तळव्यांना कुत्र्या-मांजरासारख्या गाद्या नसतात, फक्त केस असतात. जाळीवर ते झिजतात, टाचा सोलवटतात आणि मग जखमा होतात. असा पिंजरा घरात असेलच तर टाकून देण्याआधी एक करता येईल: समोरच्या बाजूची जाळी खालपर्यंत कापून दार करा, कापलेल्या तारांच्या टोकांवर जाड टेप गुंडाळून वरून लाकडी पट्टी बसवा, तळावर प्लायची फळी आणि जुनी सतरंजी घाला. दार दिवसभर उघडं ठेवा. मग तो पिंजरा न राहता खोली होते.

त्याहून सरळ उपाय घडीच्या कुंपणाचा. २४ इंच रुंदीचे ८ भाग असलेलं कुंपण चौकोनी उभं केलं तर ४ फूट बाय ४ फूट, म्हणजे १६ चौरस फूट जागा मिळते. अष्टकोनी केलं तर १९ चौरस फुटांच्या वर. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंतींना टेकवून लावलं तर जागा याहून कितीतरी वाढते. उंची किमान ३० इंच हवी, २४ इंचांवरून धडधाकट तरुण ससा सहज उडी मारतो. पिल्लू असेल तर दोन गजांमधलं अंतर इंचापेक्षा कमी असावं, कारण डोकं गेलं की बाकीचं अंगही जातं, नाहीतर अडकतं. दार असलेला भाग विकत घेताना उंबरा बघा. काही कुंपणांत दाराखाली ५-६ इंचांची आडवी पट्टी असते. तरुण ससा ती ओलांडतो, पण म्हाताऱ्या सशाला तेवढ्यासाठी उचलावं लागतं, आणि आपली कसोटी तिथेच मोडते. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये सर्रास असलेल्या गुळगुळीत टाइलवर ससा चालतच नाही, चालला तर पाय फाकतात. कुंपणाच्या आत सुती सतरंजी पसरावी आणि तिच्या कडा कुंपणाच्या पायांखाली दाबाव्यात.

कुंपणाचा खरा उपयोग ससा कोंडण्यासाठी नाही, तर आपण आत जाऊन बसण्यासाठी. फरशीवर मांडी घालून बसावं, पुस्तक वाचावं, सशाकडे बघूही नये. तो आधी वास घेतो, मग पायावर पुढचे पाय टेकतो, मग कधीतरी मांडीवर चढतो. मांडीवर स्वतः आलेला ससा आणि मांडीवर आणून बसवलेला ससा यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

दुसरा उपयोग नरसाळ्याचा. घाईनं कॅरिअरमध्ये घालायची वेळ आली तर कुंपणाचे ४ भाग उलगडून भिंतीच्या एका बाजूनं तिरके धरावेत, निमुळत्या टोकाला कॅरिअरचं उघडं दार. मग कुंपण हळूहळू भिंतीकडे सरकवत जावं. ससा आपल्या पायांनी आत जातो. पाठलाग नाही, झडप नाही. दोन माणसं असली तर हे काम मिनिटाभराचं आहे.

लपायची जागा म्हणून बुरूड आळीतली टोपली उत्तम. वेताची नको, बांबूचीच. रंग किंवा वॉर्निश न दिलेली मागून घ्यावी, कारण ससा ती खाणार हे धरूनच चालायचं. उपडी ठेवून एका बाजूनं ७ इंच रुंद आणि तितकंच उंच दार कापून घ्यावं. कापलेल्या काड्यांची टोकं बोट फिरवून बघावीत, कुसळ लागलं तर सॅंडपेपर मारावा. टोपलीला दुसरीकडूनही दार ठेवलं तर ससा जास्त निर्धास्त असतो, त्याच्या बिळालाही दोन तोंडं असतातच. गणपतीत ढोल-ताशांच्या आणि दिवाळीत फटाक्यांच्या आवाजानं तो तिथे तासन्‌तास बसेल. बसू द्यावं. धीर द्यायला म्हणून बाहेर ओढून कुशीत घेणं हे त्याच्यासाठी दुसरं संकट असतं.

हार्नेसबद्दल एवढंच: तो चढवायलाच सशाला धरून, पाय उचलून, पट्टे ओढावे लागतात. ज्याला हातच नको त्याच्यासाठी ही रोजची शिक्षा. बाहेर कुत्रा भुंकला आणि ससा उसळला की पट्ट्याचा हिसका थेट पाठीला.

वजन आणि नखं, फरशीवरच

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा ५ किलोपर्यंतचा पुरे, मोठ्या जातीच्या सशाला १० किलोचा. त्यावर बसण्यासाठी पसरट, दोन-तीन इंच काठाची बांबूची पाटी घ्या. पाटी काट्यावर ठेवून आकडा शून्य करा, मधोमध दोन पेलेट ठेवा आणि काट्याच्या कडेला पुस्तकांची एक पायरी करा. ससा स्वतः चढतो. काही काटे मिनिटाभरात आपोआप बंद होतात आणि पुन्हा सुरू केल्यावर पाटीचं वजन विसरतात, म्हणून पाटीचं वजन तिच्या तळाला लिहून ठेवावं. दर आठवड्याला त्याच वेळी वजन, वहीत नोंद. लागोपाठ दोन-तीन आठवडे आकडा खाली जात असेल तर ससा वरकरणी कितीही ठणठणीत दिसला तरी दाखवून आणावा. दुखणं लपवणं हा त्याचा स्वभाव आहे.

नखांसाठी मांजराची छोटी, पात्याला खाच असलेली कात्री घ्यावी. भोकात नख घालून कापायचं यंत्र सशाच्या केसाळ पंजात नीट बसत नाही, आणि माणसांचं नेलकटर नख दोन्ही बाजूंनी चेपून उभं फाडतं. पुढच्या पायांना ५-५, मागच्यांना ४-४ अशी एकूण १८ नखं. दर ४ ते ६ आठवड्यांनी कापावी लागतात. सगळी एकदम कापायचा अट्टहास नको. रोज एक पाय, चार दिवसांत काम संपतं.

दोघांनी फरशीवर बसावं. एकानं सशाला आपल्या मांडीला बाजूनं चिकटवून घ्यावं, त्याचं डोकं कोपराच्या खोबणीत, डोळ्यांवर अंधार. चारही पाय सतरंजीवर टेकलेलेच असावेत. दुसऱ्यानं फक्त एक पाय इंचभर वर घ्यावा, पुढे ओढू नये. पांढऱ्या नखात गुलाबी शीर दिसते, तिच्यापुढे २-३ मिलिमीटर सोडून कापावं. काळ्या नखाला मोबाइलचा टॉर्च खालून लावला की शिरेची सावली दिसते. तरी दिसली नाही तर नुसतं टोक उडवावं. शीर कापली गेली तर कॉर्नफ्लॉवरच्या चिमटीत नख दाबून २-३ मिनिटं धरावं. त्या दिवसापुरती कात्री बंद.

फारच झटापट होत असेल तर बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसं टॉवेलमध्ये गुंडाळावं. टॉवेल फरशीवर, ससा त्यावर, आधी एक बाजू मानेखालून पाठीवर, मग मागचं टोक ढुंगणावरून पुढे, मग दुसरी बाजू. नाक मोकळं, मागचे पाय पोटाशी घडी होऊन आत. ढिलं गुंडाळलं तर तो आतच लाथ मारतो आणि तेच धोक्याचं असतं, फार घट्ट गुंडाळलं तर श्वास कोंडतो. दोन बोटं सहज शिरतील इतपत घट्ट. उन्हाळ्यात ३-४ मिनिटांच्या वर नको.

पावसाळ्यात आणखी एक काम रोजचं होतं: शेपटीखालचा भाग बघणं. तिथे मऊ लेंड्या किंवा लघवी चिकटून राहिली की माश्या अंडी घालतात आणि काही तासांत अळ्या होतात. हे जिवावरचं दुखणं आहे, अळी दिसली की तडक दवाखाना. बघण्यासाठी उचलायला नको. दोन विटांवर फळी ठेवून वर हरळी ठेवली की ससा पुढचे पाय त्यावर टेकून उभा राहतो. मागून मोबाइलचा कॅमेरा खाली धरून दोन सेकंदांत फोटो निघतो.

उचलावंच लागलं तर

आग, पूर, जिन्यात उघडं राहिलेलं दार. वेळ येतेच, म्हणून घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला हे यायला हवं. आधी आपण खाली बसायचं, वाकायचं नाही. सशाच्या बाजूला यायचं. एक हात छातीखाली, पुढच्या पायांच्या मागे. दुसरा हात ढुंगणाखाली, मागचे पाय पुढे घडी होतील असा. दोन्ही हात एकाच वेळी उचलायचे आणि लगेच आपल्या अंगाशी घ्यायचं, त्याची कूस आपल्या छातीला घट्ट टेकलेली, डोकं कोपराखाली. मगच उभं राहायचं. बहुतेक अपघात उचलताना होत नाहीत, खाली ठेवताना होतात. फरशी दिसली की ससा उडी घेतो. म्हणून पुन्हा पूर्ण खाली बसायचं आणि चारही पाय टेकेपर्यंत हाताची पकड सोडायची नाही. कॅरिअरमध्ये ठेवताना ढुंगण आधी आत, तोंड आपल्याकडे. पुढचं दिसत नसल्यामुळे तो अडून बसत नाही. दहा वर्षांखालच्या मुलांनी उभ्यानं ससा घेऊच नये. त्यांनी फरशीवर बसावं, ससा येईल.

दवाखाना आणि घरी येऊन नखं कापणारे

घरी येऊन नखं कापून देणारी सेवा चांगली, कारण प्रवास वाचतो. बोलावण्याआधी फोनवर एकच विचारा: तुम्ही ससा कसा धरता? ‘मानेची कातडी पकडून’ किंवा ‘उताणा करून’ असं उत्तर आलं तर आभार मानून फोन ठेवा.

पुण्यात प्राण्यांचे दवाखाने भरपूर, पण रोजचे रुग्ण कुत्री-मांजरं. सशाचे जाणकार ओळखायला दोन प्रश्न पुरतात. शस्त्रक्रियेआधी सशाला उपाशी ठेवायचं का? सशाला उलटी होतच नाही, आणि उपाशी राहिला तर त्याचं आतडं थांबतं. त्यामुळे योग्य उत्तर ‘नाही, गवत चालू ठेवा’ हेच. दुसरा प्रश्न: टोपण काढून कॅरिअरच्या तळातच तपासाल का? जे डॉक्टर आनंदानं हो म्हणतात, त्यांच्याकडे लांब पडलं तरी जावं. तोंडावाटे अमॉक्सिसिलीन सशाला देऊ नये, आणि कुत्र्यांच्या गोचिडांवरचं फिप्रोनिल असलेलं औषध त्याच्या अंगावर टाकू नये, हे आपल्यालाही पाठ असलेलं बरं. दुकानातून काउंटरवरून औषध घेताना डब्यावरचं नाव वाचावं.

जायची वेळ सकाळी ९ च्या आत किंवा संध्याकाळी. ॲक्टिव्हाच्या पायापाशी कॅरिअर ठेवून नेऊ नये: प्रत्येक स्पीडब्रेकरला धक्का, आणि चेहऱ्यावर धूर. रिक्षात सीटवर आडवा ठेवून एक हात त्याच्यावर, तीन बाजूंनी पातळ सुती पंचा, चौथी बाजू हवेसाठी उघडी. उन्हाळ्यात गोठवलेली पाण्याची बाटली रुमालात गुंडाळून एका कडेला ठेवली की ससा हवं तेव्हा टेकतो, नको तेव्हा सरकतो.

घरी आल्यावर कॅरिअर त्याच्या नेहमीच्या कोपऱ्यात ठेवून दार उघडावं आणि बाजूला व्हावं. हात घालून काढू नये. पाच मिनिटं लागोत नाहीतर दोन तास, तो आपल्या पायांनी बाहेर येऊ दे. जवळ ताजं गवत आणि पसरट वाडग्यात पाणी ठेवा. त्या दिवशी लेंड्यांवर लक्ष असू द्या: आकार बारीक झाला, संख्या घटली किंवा १०-१२ तास ससा खायला तोंडच लावत नसेल, तर सकाळची वाट न बघता रात्रीच्या रात्री डॉक्टरांना फोन करा.